रोगण खरवडण्यापूर्वीं

आमच्या एका वाचकांनीं पाठविलेलें पत्र या महिन्याच्या विषयास कारण झालें आहे. त्यांचे दिवंगत काका मुंबईच्या वाद्यवृंदांतून ड्रम वाजवीत. त्यांचा अमेरिकन बनावटीचा लाकडी संच चाळीस वर्षें माळ्यावर पडून होता. तो आतां खालीं आला असून घरांत दोन पक्ष पडले आहेत. तरुण मंडळींना तो खरवडून, काळेंभोर नवें रोगण देऊन, दिवाणखान्यांत मांडावयाचा आहे. काकूंना त्याच्या अंगावरचा एकहि ओरखडा पुसला जाऊं नये असें वाटतें. आमचा कौल काकूंच्या बाजूचा आहे. पण तो सकारण दिला पाहिजे.

मराठी घराच्या माळ्यावर असें वाद्य सांपडावें हें कित्येकांस नवल वाटेल. वास्तविक १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा जाझ वाद्यवृंद ताज महाल हॉटेलांत वाजूं लागला, तेव्हांपासून या वाद्यांचा मुंबईस परिचय आहे. पुढें गोव्याच्या वादकांनीं तीं चित्रपटसंगीतांत आणलीं. सी. रामचंद्र यांचा १९५१ चा 'अलबेला' ज्यांनीं ऐकला असेल, त्यांस याहून अधिक सांगणें नको.

या ड्रमांचीं खोडें मुख्यतः दोन प्रकारचीं असतात. एकांत मेपलची एकच फळी वाफेनें वाकवून तिचीं टोकें सांधलेलीं असतात. दुसऱ्यांत पातळ थर एकमेकांस चिकटविलेले असतात. पुष्कळ जुन्या खोडांना आंतून दोन्ही कांठांशीं लाकडी आधारकडीं बसविलेलीं आढळतात. महायुद्धाच्या काळांतील संच तर फारच निराळे. १९४२ सालीं अमेरिकन सरकारनें अशा वाद्यांतील धातु वजनाच्या शेंकडा दहांवर आणला, आणि कारखानदारांना स्क्रू धरून ठेवणारे कानहि लाकडाचे करावे लागले. स्लिंगरलँड कंपनीचे 'रोलिंग बॉम्बर' ड्रम यासाठींच प्रसिद्ध आहेत. तेव्हां धातूच्या जागीं लाकडी कान दिसले, तर ती मागाहून कोणीं केलेली डागडुजी समजून फेंकून देऊं नये. तेंच त्या वाद्याचें जन्मपत्र होय.

आतां खरवडण्याविषयीं. वरचा लाकडी थर कित्येकदां एक मिलिमीटरहि जाड नसतो. काचकागद चार हात अधिक फिरला कीं तो गेला, आणि गेलेला थर कोणत्याहि रोगणानें परत येत नाहीं. दुसरें, मोत्यासारखें चमकणारें जुनें वेष्टन सेल्युलॉईडचें असण्याचा संभव असतो; तें झटकन् पेट घेतें, म्हणून तें सोडविण्यास ज्वाला किंवा तप्त हवेचें यंत्र जवळ आणूं नये. तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें, आणि त्याची भुकटी पोटांत गेल्यास लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा होते. ज्या घरांत मूल रांगत आहे, त्या घराच्या पडवींत जुना रंग कोरडा घांसणें हा आम्ही निव्वळ अविचार समजतों, मग तो रंग कितीहि विद्रूप असो.

मग करावें काय? प्रथम सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं, आणि प्रत्येक सुट्या भागाला चिठ्ठी बांधून तो कोठला हें लिहून ठेवावें. हें काम घरांतील शाळकरी मुलांस द्यावें. तीं तें मोठ्यांपेक्षां नेटकें करतात. निकेलचा मुलामा फार पातळ असतो, म्हणून गंज काढण्यास पातळ तेल आणि मऊ फडकें पुरे. भांडीं घांसण्याची पूड वापरूं नये.

रोगण कोणतें आहे हें एखाद्या कानाखालच्या झांकलेल्या जागीं पाहावें. स्पिरिटांत भिजविलेल्या कापसाच्या बोळ्यानें तें चिकट झालें, तर लाखेचें. स्पिरिटानें न हलतां थिनरनें मऊ झालें, तर लॅकर. दोहोंनाहि दाद न देईल तर बहुधा तेलाचें व्हार्निश. सेल्युलॉईडवर मात्र ही परीक्षा करूं नये. थिनर त्यालाच खातो. रोगण लाखेचें निघालें तर दैव बलवत्तर म्हणावयाचें, कारण नवा हात जुन्या थरांत विरघळून एकजीव होतो आणि कांहींहि खरवडावें लागत नाहीं. पण हें काम पावसाळ्यांत काढूं नये. दमट हवेंत लाखेवर पांढुरकी झांक येते. दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस उत्तम.

आधारकडें सुटलें असेल तर जुना सरस कोमट पाण्यानें मऊ करून पुसावा आणि सरसानेंच पुन्हां जोडून शिकंज्यांत धरावें. सरसाचा जोड पुढच्या पिढीस पुन्हां उकलतां येतो. बाजारी पांढऱ्या गोंदाचा सहसा येत नाहीं.

खरी कसोटी खोडाच्या कांठाची. पान ज्या कडेवर टेंकतें ती चेपली किंवा तुटली असेल, तर बाहेरून आरशासारखा चमकणारा ड्रमहि फुटक्या मडक्यासारखा बोलेल. सपाट कांचेवर खोड पालथें ठेवून आंत दिवा धरावा. कडेखालून जेथें उजेड फुटेल तेथें खोट आहे. ही दुरुस्ती मात्र जाणत्या कारागिराकडूनच करवावी, आणि रोगणासाठीं राखलेला पैसा येथें खर्चावा. पूर्वीं पानें वासराच्या कातड्याचीं असत. १९५७ पासून प्लॅस्टिकच्या फिल्मचीं सर्रास मिळूं लागलीं. सोवळ्या घरांत कातड्याविषयीं कुरकुर निघाल्यास देवळांतील पखवाजाचें तोंड कशाचें असतें हें विचारावें. जुनें पान शाबूत असेल तर तें जपून ठेवावें आणि वाजविण्यास नवें चढवावें. स्क्रू एका बाजूनें क्रमानें न आवळतां समोरासमोरचे, अर्धा अर्धा फेरा, असे आवळावे. मग पान रात्रभर बसूं द्यावें आणि दुसऱ्या दिवशीं काठी हातीं घ्यावी.