आधीं विवाह, मग ओळख

साठी उलटलेल्या मनुष्यानें योगवासिष्ठ वाचावें, असा आमच्या घरीं संकेत आहे. त्यामुळें डायाना गॅबाल्डन या अमेरिकन लेखिकेची ‘आउटलँडर’ (१९९१) ही जाडजूड कादंबरी मीं पुतणीच्या कपाटांतून काढली ती कांहींशी चोरूनच. आठ दिवसांत ती संपविली आणि पुष्कळ आनंद लुटला, हें वाचकांपाशीं कबूल करतों. शृंगार सढळ आहे. परंतु कुमारसंभवाचा आठवा सर्ग ज्यानें वाचला आहे, त्यास दचकण्याचें कारण नाहीं.

स्थळ स्कॉटलंडचा डोंगराळ उत्तर भाग. महायुद्ध संपल्यावर १९४५ सालीं पतीसह तेथें आलेली क्लेअर नांवाची परिचारिका एका शिलावर्तुळांतून थेट १७४३ सालांत जाऊन पडते. इंग्रज कप्तानाला तिला धरून नेतां येऊं नये, म्हणून मॅकेंझी कुळाचे लोक तिचा विवाह जेमी फ्रेझर या तरुणाशीं लावून देतात. स्कॉट पुरुषाची पत्नी झाली कीं तीही स्कॉट झाली! प्रेमाची चौकशी कोणीच करीत नाहीं. तरुण वाचकांस हें विलक्षण वाटेल. मला अगदीं घरचें वाटलें.

परंतु विवाहाच्या रात्रीं तीं दोन अपरिचित माणसें आधीं बोलत बसतात. आईबाप, बालपण, घरचीं माणसें, असें तासन् तास. गुपितें असावयास हरकत नाहीं, पण जें सांगशील तें खरें असावें, एवढेंच तो तिच्याकडे मागतो. आणि तिचें गुपित केवढें! १६ एप्रिल १७४६ रोजीं कलोडनच्या माळावर डोंगरी कुळांचा चुराडा होणार, त्याच वर्षीं त्यांच्या पोषाखावर बंदी येऊन ती १७८२ पर्यंत टिकणार, हें तिला ठाऊक आहे, त्याला नाहीं.

येथें मी पुस्तक मिटलें. माझें लग्नही वडिलांनीं ठरविलें, आणि त्याचा अभिमान मी चाळीस वर्षें सांगत आलों. माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ बालपणींच वारला होता, हें मला लग्नानंतर चार वर्षांनीं कळलें, तेंही परक्याच्या तोंडून. ठरविण्याचें काम वडिलांचें होतें. विचारण्याचें माझें होतें.

एक प्रकरण मात्र मला मुळींच रुचलें नाहीं. आज्ञा मोडली म्हणून जेमी पत्नीला पट्ट्यानें मारतो. पुढें तो पुन्हां हात न उगारण्याची शपथ घेतो, तरी मन विटतें तें विटतेंच.

पुस्तक सध्यां स्वयंपाकघरांतील फळीवर आहे. सौभाग्यवतींची खूण अद्याप विवाहाच्या प्रकरणाच्या अलीकडेच आहे. मी वाट पाहत आहें.