बोटांवर जात लिहिलेली नाहीं

मूल जन्मलें कीं घरांतील वडीलधारीं माणसें त्याच्या बोटांवरील चक्रें व शंख मोजूं लागतात. दहा चक्रें असलीं तर पोर राजा होणार! हल्लीं शहरांत हाच धंदा यंत्रानें चालतो. मुलाच्या दहा बोटांचे ठसे घेऊन त्याची बुद्धि कोणत्या विद्येस लायक आहे हें फी घेऊन सांगतात. पत्रिका गेली व छापील अहवाल आला, एवढाच काय तो फरक. याला शास्त्राचा आधार नाहीं.

बोटांच्या रेघा आईच्या पोटांत पांचव्या महिन्याच्या सुमारास कायम होतात. त्यांत आईबापांकडून आलेला वांटा असतो, तसा गर्भांतील वाढीचा व दाबाचाही असतो. म्हणूनच हुबेहूब जुळ्या भावंडांचेही ठसे एक नसतात. बहुतेक समाजांत शंख सर्वांत अधिक, त्यांखालोखाल चक्रें, आणि कमानी अगदीं थोड्या आढळतात.

या आकृतींत वंशभेद सांपडेल अशी विलायतेंतील फ्रान्सिस गाल्टन यास मोठी आशा होती. परंतु निरनिराळ्या वंशांचे ठसे ताडून पाहिल्यावर, कोणत्याही वंशाची अशी खास आकृति नाहीं, हें त्यास १८९२ च्या आपल्या ग्रंथांत कबूल करावें लागलें.

आपल्या पुण्यांतही असा शोध झाला. इरावती कर्वे व कैलाश मल्होत्रा यांनीं महाराष्ट्रांतील ब्राह्मणांच्या आठ पोटजाती शरीराच्या मापांनीं व रक्तगटांनीं ताडून १९६८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर्जा एक म्हणविणाऱ्या त्या पोटजाती शरीरानें एकसारख्या निघाल्या नाहींत. पुढें मल्होत्रा यांनीं धनगरांच्या पोटजातींतील बोटांचे ठसेही तपासले.

पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक आपसांतच झाली म्हणजे चक्रांचें व शंखांचें प्रमाण थोडेंफार कमीजास्त होतें, हें खरें. पण तो पुष्कळ माणसांच्या बेरजेंतला फरक होय. एकाच चुलीवर जेवणाऱ्या भावाभावांच्या बोटांतही फरक असतोच. कसब्यांतील एक ठसा पुढें ठेवून तो तांबटाचा कीं ब्राह्मणाचा, माळ्याचा कीं कुणब्याचा, हें कोणी सांगूं शकत नाहीं. मग उच्चनीचपणा कोठून दिसणार?

बोटांवर जात दिसत नाहीं, पण कष्ट दिसतात. कुदळ, घण, विटा, चुना यांनीं रेघा झिजतात. हाताला विसांवा मिळाला कीं बहुधा तीच आकृति पुन्हां उमटते. पण तोंवर रेशन दुकानांतील यंत्र ठसा ओळखीत नाहीं. ज्यानें घाम गाळून धान्य पिकविलें त्यालाच धान्यावांचून परत पाठवावयाचें, हा कोठला न्याय? ठसा जुळला नाहीं म्हणून धान्य नाकारूं नये, असें केंद्र सरकारनें २०१७ सालींच राज्यांस बजावलें आहे.

म्हणून बंधुभगिनींनो, दुकानदार ‘ठसा येत नाहीं’ म्हणाला तर मुकाट्यानें परतूं नका. दुसऱ्या रीतीनें ओळख पटवून धान्य देण्यास सांगा. न दिल्यास शहरांत परिमंडळ अधिकाऱ्याकडे व गांवीं तहसीलदाराकडे लेखी तक्रार करा, व तिची पोंच घ्या. आणि पोरांचीं चक्रें मोजण्यांत जाणारा पैसा त्यांच्या, विशेषतः पोरींच्या, वह्यापुस्तकांस लावा.