कीटकनाशकाच्या नावाआधी नत्राचा हिशेब

भातावर तपकिरी तुडतुडे वाढले की आपल्या सल्ल्याची सुरुवात बहुधा कीटकनाशकाच्या नावाने होते. युरिया किती पडला, केव्हा पडला आणि त्या आठवड्यात आभाळ कसे होते, हे प्रश्न खतांच्या सल्ल्यातले समजून बाजूला राहतात. माझ्या मते ही विभागणी आपल्या कामाच्या सोयीसाठी झाली आहे. पिकाच्या शरीरात ती आढळत नाही. नत्राचे पचन आणि रोग-किडींचा प्रतिकार ही दोन्ही कामे वनस्पती बऱ्याच अंशी एकाच विकरसमूहाकडून करून घेते.

मुळांनी घेतलेल्या नायट्रेटचे नायट्राइट करण्याचे काम नायट्रेट रिडक्टेज हे विकर करते. पुढे नायट्राइट रिडक्टेज त्याचा अमोनियम बनवते आणि ग्लुटामाइन सिंथेटेज व ग्लुटामेट सिंथेज ही जोडी तो अमोनियम अमिनो आम्लांत गुंफते. पाणथळ भातात मुळे मुख्यतः अमोनियमच घेतात, त्यामुळे तेथे या जोडीवर अधिक भार असतो. मात्र ही विकरे केवळ पोषणापुरती नाहीत. नायट्रेट रिडक्टेज काही परिस्थितींत नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइडही तयार करते, आणि रोगजंतू शिरल्याची वर्दी पेशींना देणाऱ्या संकेतांपैकी तो एक आहे. अरॅबिडॉप्सिस या प्रायोगिक वनस्पतीच्या ज्या रोपांत हे विकर जवळजवळ नसते, ती सुडोमोनास सिरिंजी या जिवाणूला अधिक सहज बळी पडतात.

पेशीभित्तिका कठीण करणारे लिग्निन आणि रोगप्रतिकारक फेनॉल द्रव्ये यांचा मार्ग फेनिलॲलानिन या अमिनो आम्लापासून सुरू होतो. त्याच्या पहिल्याच पायरीवर अमोनिया सुटतो. तो पुन्हा पकडून कामी लावण्याची जबाबदारी ग्लुटामाइन सिंथेटेजवरच येते. अन्यथा मोलाचे नत्र वाया जाते आणि साचलेला अमोनियम पेशीला बाधतो.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण टोमॅटोचे आहे. अळीने पान कुरतडताच टोमॅटो आर्जिनेज आणि थ्रिओनिन डीॲमिनेज ही नत्रचयापचयातील विकरे वाढवतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की मॅन्डुका सेक्स्टा या अळीच्या आतड्यातही ही विकरे कार्यरत राहतात आणि तिला अत्यावश्यक असलेली आर्जिनिन व थ्रिओनिन ही अमिनो आम्ले तेथेच नष्ट करतात. अळीचे पोट भरते, पण पोषण होत नाही.

मग नत्र जितके अधिक, तितका प्रतिकार बळकट, असा अर्थ कोणी काढील. शेत त्याच्या उलट साक्ष देते. अमोनियम गुंफण्यासाठी ऊर्जा आणि कार्बनी सांगाडे लागतात. ते प्रकाशसंश्लेषणातून येतात. ढगाळ हवेत युरियाचा मोठा हप्ता दिला, तर शोषण चालू राहते, पण प्रथिने बनण्याचा वेग मागे पडतो आणि मुक्त अमिनो आम्ले रसात साचतात. पालाश कमी असल्यास हा साठा आणखी वाढतो. रसवाहिन्यांतून शोषण करणाऱ्या तुडतुड्यांसाठी हे आयते ताट असते. त्यांतील ॲस्परजिन तर त्यांना शोषणास उत्तेजनच देते. नत्राने भरलेल्या भातावर पिल्ले अधिक जगतात आणि माद्या अधिक अंडी घालतात. दाट, लुसलुशीत वाढीत करपा आणि कडा करपाही फावतो. दुसरीकडे, कुपोषित भातावर तपकिरी ठिपके या रोगाचा जोर वाढतो. म्हणून ‘नत्र कमी करा’ हा सरसकट सल्लाही तितकाच चुकीचा ठरेल. विकरांना पेलेल एवढे नत्र, पेलेल त्या वेळी, हेच सूत्र खरे.

शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. 45 किलोच्या युरियाच्या गोणीची नियंत्रित किंमत करवगळता 242 रुपये. त्यातून सुमारे 20.7 किलो नत्र मिळते. इतके स्वस्त आणि इतक्या लवकर हिरवेपणा दाखवणारे दुसरे खत नाही. 2015 पासून कडुनिंब लेपन सक्तीचे झाले, 2018 मध्ये गोणी 50 वरून 45 किलोंची झाली. दोन्ही पावले उपयुक्त आहेत. परंतु हप्ता कोणत्या दिवशी द्यावा, हे गोणी सांगत नाही. ते काम विस्तार कार्यकर्त्याचेच आहे.

यासाठी माझ्या चार सूचना आहेत. कीडपाहणीच्या प्रत्येक नोंदीत मागील हप्त्याची तारीख आणि मात्रा लिहावी. वरखताचा निर्णय पर्णरंग तक्त्यावर घ्यावा: दहापैकी सहा किंवा अधिक पाने आपल्या वाणासाठी ठरलेल्या छटेपेक्षा फिकट असतील तरच हप्ता द्यावा. तुडतुडे वाढत असतील किंवा आभाळ सलग दाटलेले असेल, तर हप्ता पुढे ढकलावा. आणि माती परीक्षणानुसार पालाश द्यावे. नायट्रेट रिडक्टेजला मॉलिब्डेनम लागत असल्याने आम्लधर्मी जमिनीत त्याकडेही लक्ष असावे.

यामुळे कीटकनाशकाची गरज संपणार नाही. आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावर फवारणी करावीच लागते. परंतु काही कीटकनाशकांनी, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइडांनी, तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होतो हे आपण जाणतो. नत्राचे ताट तसेच वाढलेले ठेवून केलेली फवारणी शेतकऱ्याचा खर्च दुप्पट करते: एकदा कीड पोसण्याचा आणि एकदा ती मारण्याचा. पुढच्या शेतभेटीत औषधाचे नाव सांगण्यापूर्वी युरियाची तारीख विचारली, तरी या खर्चातला पहिला वाटा टाळता येईल.