अनध्यायाचा दिवस

वाराणसीच्या रामघाटावर वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या १९ वर्षांच्या तरुणाने २०२५ साली तिथे शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण केले. सुमारे २००० मंत्र, पदे सरळ आणि उलट, प्रत्येक वेळी एकेक वाढवत, सगळे मुखोद्गत. पन्नास दिवसांत ते पूर्ण झाले आणि पंतप्रधानांनीही अभिनंदन केले. सगळीकडे पन्नास हाच आकडा गाजला.

त्या पन्नास दिवसांमागे किती वर्षांची दिनचर्या उभी असेल, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. वेदपाठशाळेतला दिवस संथेवर चालतो. गुरुजींनी एक तुकडा एकदा म्हणायचा, विद्यार्थ्यांनी तो दोनदा म्हणायचा आणि मग पुढचा तुकडा घ्यायचा. आदल्या दिवशीच्या संथेच्या आवृत्त्या निराळ्या. रोजचा घास लहान आणि तोही ठरलेल्या वेळी. यात चमकदार काहीच नाही. व्हिडिओ करायला घेतला तर पाहणारा दोन मिनिटांत पेंगेल.

या पद्धतीतला सर्वांत शहाणा भाग म्हणजे अनध्याय. परंपरेने प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमा किंवा अमावास्या या तिथींना नवी संथा द्यायची नसते. म्हणजे पंधरवड्यात चार दिवस अध्ययन बंद. धर्मशास्त्राने त्यात आणखी भर घातली आहे. अवेळी मेघ गडगडले, अनध्याय. घरी शिष्ट पाहुणा आला, अनध्याय. पाहुणे आले म्हणून व्यायाम राहिला, अशी सबब सांगताना ओशाळणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. ज्या काळात एक स्वर चुकला तरी गुरुजी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत, त्या काळाने खाडा आधीच हिशेबात धरला होता. सुट्टी वेळापत्रकातच लिहिलेली असली की ती घेणाऱ्याला अपराधी वाटत नाही. दुसऱ्या दिवशी तो निमूट आपल्या जागी येऊन बसतो.

आजच्या दिनचर्या नेमक्या उलट बांधलेल्या असतात. पहाटे पाचला उठणे, ध्यान, धावणे, तासभर वाचन, शिवाय साखर बंद, आणि हे सगळे १ जानेवारीपासून एकदम! फोनवरचे अॅप सलग दिवस मोजत राहते. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि माणसाचा उत्साहही. वर ‘२१ दिवसांत सवय’ हा मंत्र असतोच. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात सापडते. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, एवढेच त्याचे निरीक्षण होते. त्यातला ‘निदान’ वाटेत गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी बारा आठवडे तपासल्या. २०१० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्याचा मध्यक निघाला ६६ दिवस. कुणाला १८ पुरतील, तर कुणाला २५४ लागतील, असा अंदाज. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडत नाही, असेही त्यात दिसले. पाठशाळेतल्या पोराला हे कुणी वेगळे सांगायची गरज नव्हती.

वाराणसीशीच जोडलेला दुसरा दाखला अहिल्याबाई होळकरांचा. विश्वनाथाचे मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभारले. त्यांच्या नावाचा घाटही तिथे आहे. त्यांच्या दिवसाची आखणी ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने माळव्यातल्या माणसांकडून ऐकून लिहून ठेवली आहे. उजाडण्याआधी तासभर उठून पूजा, पुराणश्रवण, दानधर्म. मग जेवण आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सायंकाळी सहापर्यंत. पुन्हा पूजा, अल्पसा आहार, आणि नऊ ते अकरा परत कामकाज. १७६७ ते १७९५ असा दीर्घ कारभार त्यांनी केला, आणि त्यांच्या दिवसात वामकुक्षीला जागा होती.

अर्थात त्यांच्या हाताशी माणसे होती. ठाण्याहून लोकल पकडून ऑफिस गाठणाऱ्या बाईला ‘पहाट स्वतःसाठी ठेवा’ असे सांगणे ही थट्टाच, कारण तिची पहाट डब्यांनी आधीच घेतलेली असते. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. घरातल्या एकाची देखणी दिनचर्या बहुधा दुसरीच्या मोडलेल्या दिवसावर उभी असते. तेव्हा घड्याळाचा गजर लावण्याआधी कणीक कोण मळणार, हे ठरवलेले बरे. स्वयंसुधारणेची पुस्तके हा प्रश्न सहसा विचारत नाहीत.

आणि दिनचर्या मोडायला पाहुणेच लागतात असे नाही, नदीही पुरते. पावसाळ्यात वाराणसीत गंगा चढते आणि दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जातात. तेव्हा संध्याकाळची आरती बंद पडत नाही. ती वर सरकते, आणि पाणी फारच वाढले तर चक्क इमारतीच्या गच्चीवर होते. जागा कमी, थाट कमी, पण वेळ संध्याकाळचीच. पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळाचे थर उरतात. पंप लावून ते धुऊन काढायला कित्येक दिवस जातात, आणि मग आरतीच्या चौक्या पुन्हा खाली येतात.