‘प्लॉझिबल’ म्हणजे खरे नव्हे!



वकील, संपादक, टीव्हीवरचे तज्ज्ञ एक इंग्रजी शब्द नेहमी वापरतात : ‘प्लॉझिबल’. आपली पोरे त्याचा अर्थ कधी ‘शक्य’, कधी ‘संभाव्य’, तर कधी ‘विश्वासार्ह’ असा लावतात. तिन्ही चूक. शक्य म्हणजे पॉसिबल, संभाव्य म्हणजे प्रॉबेबल, विश्वासार्ह म्हणजे क्रेडिबल. प्लॉझिबल म्हणजे ऐकणाऱ्याला खरे वाटेल असे. ते खरे असेलच असे नाही. सफाईने थापा मारणाऱ्या माणसालाही इंग्रजीत प्लॉझिबल म्हणतात ते यामुळेच.

शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ टाळ्या वाजवणे. ‘अप्लॉज’ त्याच घरातला. सभेने टाळ्या द्याव्यात असे जे, ते प्लॉझिबल. मग सरळ प्रश्न येतो, सभेत बसलेय कोण?

25 डिसेंबर 1968. तामिळनाडूतील किळवेणमणी. मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. जीव वाचवायला एका झोपडीत शिरलेली 44 माणसे जिवंत जाळली गेली, त्यात बहुतेक बाया आणि लेकरे. खालच्या कोर्टाने जमीनदारांना शिक्षा दिली. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना सोडले. न्यायालयाचा एक तर्क असा होता की, हे श्रीमंत लोक, मोठ्या जमिनींचे मालक. नोकरांना न पाठवता ते स्वतः चालत जाऊन घरे पेटवतील यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. म्हणजे 44 मुडदे पुराव्याला कमी पडले आणि जमीनदाराची प्रतिष्ठा पुरली! भंवरीदेवी प्रकरणात 1995 साली राजस्थानातील न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले, तेव्हाही वरच्या जातीचे पुरुष असे करतील हे पटत नाही, हाच सूर होता.

हा सूर आला कुठून? मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढा. ब्राह्मण साक्षीदाराला नुसते बोलायला सांगायचे, शूद्राला मात्र पापांची भीती घालून मग साक्ष घ्यायची. कोणाचे बोलणे आपोआप पटते आणि कोणाला आधी दम द्यावा लागतो, हे वर्णावरून ठरलेले. बाबासाहेबांनी महाडला हे पुस्तक जाळले ती तारीखही 25 डिसेंबरच, साल 1927.

आता अॅट्रॉसिटी कायद्याकडे या. ‘या कायद्याचा गैरवापर होतो’ हे वाक्य आज सर्वात प्लॉझिबल आहे, कारण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ते आधीपासूनच पटलेले असते. साक्षीदार फुटला, तपास ढिला पडला, गावात राहायचे म्हणून फिर्यादीने तडजोड केली, आरोपी सुटला. की झाली केस खोटी! 20 मार्च 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गैरवापराच्याच कारणावरून अटकेआधी परवानगीची अट घातली. 2 एप्रिलला भारत बंद झाला, संसदेने कलम 18 अ आणले आणि 1 ऑक्टोबर 2019 ला न्यायालयाने स्वतःच ते निर्देश मागे घेतले. पण चहाच्या टपरीवर ‘गैरवापर’ अजून तसाच चालू आहे. तिथे समोरच्याला एवढेच विचारा, ‘निर्दोष सुटका आणि खोटी तक्रार यातला फरक तुम्ही करता का?’

आणि हा चाप आपल्यालाही लावा. बाबासाहेबांच्या फोटोवर छापलेले एखादे जळजळीत वाक्य व्हॉट्सअॅपवर येते. ते बाबासाहेबांचे वाटते, म्हणून आपण पुढे ढकलतो. ‘वाटते’ हेच तर प्लॉझिबल! उद्या विरोधक मूळ संदर्भ मागतो तेव्हा भर सभेत आपला कार्यकर्ता उघडा पडतो आणि त्याच्या खऱ्या मुद्द्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. महाराष्ट्र शासन बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड 1979 पासून छापत आले आहे. खंड कोणता, पान कोणते, हे पाठवणाऱ्याला विचारा. सांगता आले नाही तर तो मेसेज तिथेच थांबवा, मग पाठवणारा कितीही मोठा नेता असो.