एकादशी, दुप्पट खाशी!



या वेळचं पान थोडं खाण्याचं आहे आणि थोडं कबुलीजबाबाचं.

विस्कॉन्सिनला नवीन आलो तेव्हा तळ्याकाठी ‘सपर क्लब’ अशी पाटी दिसली की आम्ही गाडी पुढे दामटत असू. क्लब म्हटलं की सभासदत्व लागणार, हा आपला समज. तसं काही नसतं. नाव क्लबचं, दार सगळ्यांना उघडं. दारूबंदी १९३३ साली उठली आणि त्यानंतर गावाबाहेर, तळ्यांच्या काठी अशा जागा फोफावल्या. डेल्सजवळ मिरर लेकच्या काठी ‘इश्नाला’ १९५३ पासून आहे. तिथे तर पाइनची झाडं थेट छपरातून वर गेली आहेत. पाहुण्यांना दाखवावी अशी जागा.

इथला रिवाज समजून घेतला की बावरायला होत नाही. आधी बारपाशी बसायचं. इथलं पेय म्हणजे ओल्ड फॅशन्ड, तेही व्हिस्कीचं नव्हे, ब्रँडीचं. न पिणाऱ्यांनी खुशाल साधा सोडा मागवावा. जेवणाची ऑर्डर बऱ्याच ठिकाणी तिथेच घेतात आणि टेबल तयार झालं की बोलावतात. मग येतो रेलिश ट्रे: मुळे, गाजर, सेलरी, लोणच्याच्या काकड्या, सोबत चीज स्प्रेड आणि बिस्किटं. शनिवारी प्राइम रिब, शुक्रवारी फिश फ्राय. कॅथलिक लोकांनी शुक्रवारी मांस वर्ज्य केलं आणि मासा चालतो म्हणून त्याचीच मेजवानी केली!

उन्हाळ्यात आई आली होती, तिला हे सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे एकादशी, दुप्पट खाशी. आपलीच माणसं की रे!” एका शुक्रवारी तिला घेऊन गेलो. आई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मला वाटलं, फ्रेंच फ्राइज तर आहेतच.

बारपाशी ऑर्डर देताना शेजारच्या आजोबांच्या पानात मासा आणि फ्राइज एकत्र आलेले आईने पाहिले. “हे दोन्ही एकाच तेलात तळतात का रे?” तिने विचारलं.

मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस. तेल किती वेळ तापतं, त्यात काय काय उतरतं, हे मला कोणी सांगायला नको. सहा आठवडे तिला ठिकठिकाणी फ्राइज खाऊ घातले, पण एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळेल, हीच भीती. त्या दिवशी मात्र वाढणाऱ्या बाईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “हो, फ्रायर एकच आहे.”

मी आईला तसंच सांगितलं, आणि आधीचंही. ती थोडा वेळ तळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मी न कळत खाल्लं, त्याचं मला काही नाही. तुला ठाऊक असून तू गप्प बसलास, त्याचं वाईट वाटलं.”

यावर काय बोलणार?

त्यानंतर मी प्रत्येक पदार्थ विचारून घेतला. बटाट्याच्या पॅनकेकमध्ये अंडं. कांद्याच्या सूपमध्ये बीफचं पाणी. सीझर ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासा. बाई कंटाळल्या नाहीत. सावर क्रीममध्ये कधी कधी जिलेटिन असतं म्हणालो, तर त्यांनी आतून डबाच आणून दिला. त्यात जिलेटिन नव्हतं. आईने फॉइलमधला भाजलेला बटाटा कुस्करला, रेलिश ट्रेमधला मुळा बारीक चिरून घातला, वर सावर क्रीम आणि मीठमिरी. बटाट्याचं भरीत! बाईंनी चव घेतली आणि आणखी एक बटाटा आणून दिला, न मागता. परतताना आई गाडीत पुन्हा नेहमीसारखी बोलायला लागली, तेव्हा कुठे मला हायसं वाटलं.

आता कामाचं. आईवडील येणार असतील तर आदल्या दिवशी फोन करून चार प्रश्न विचारा: फ्रायर वेगळा आहे का, सूप कशाच्या पाण्यात करतात, घेवड्यात बेकन घालतात का, पॅनकेकमध्ये अंडं आहे का. चीजचं विचाराल तर पूर्वी रेनेट वासराच्या पोटातून काढत. १९९० साली अमेरिकेत सूक्ष्मजीवांकडून बनवलेल्या कायमोसिनला परवानगी मिळाली आणि आता इथलं बरंचसं चीज त्यावरच होतं. पण सगळं नव्हे, म्हणून वेष्टन वाचा.

आणि जे उत्तर मिळेल ते घरच्यांना सांगा. खायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. आपण त्यांना इतक्या लांब आणतो. निदान ताटात काय आहे एवढं तरी त्यांना खरं कळावं.

कोणाला एखादी चांगली जागा सापडली असेल तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत जरूर सांगा. शक्य तर तळ्याकाठची!