रोज आकाश पाहावे

दिवाळी सरली की कोकणच्या किनाऱ्यावर आभाळ स्वच्छ होते. पावसाळी ढग गेलेले असतात, समुद्र निवळलेला असतो आणि रात्री हवेत गारवा येतो. या दिवसांत होडी समुद्रात लोटण्यापूर्वी जुना कोळी क्षणभर थांबून वर पाही. आता हवेचा अंदाज आकाशवाणीवर आणि भ्रमणध्वनीवर मिळतो. मग आकाशाकडे पाहण्यात वेळ कशाला दवडावा, असे अनेकांना वाटते. हा विचार योग्य नाही.

हिवाळ्यातील हवा आणि रात्रीचे आकाश यांचे नाते फार जवळचे आहे. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडते. आकाश निरभ्र असले की ही उष्णता सहज निघून जाते, जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. यालाच मतलई वारा म्हणतात. शिडाच्या होड्यांच्या काळी कोळी पहाटे या वाऱ्यावर समुद्रात जात आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. आकाश ढगाळ असले, तर ढग पांघरुणासारखे उष्णता अडवतात. रात्र उबदार राहते, दव कमी पडते आणि मतलई वाराही मंदावतो. अशी हवा टिकली, तर आंब्याच्या मोहोरावर रोग आणि किडी वाढतात. तारे स्पष्ट दिसतात की अंधुक, एवढे पाहणाऱ्यालाही उद्याच्या सकाळची थोडी कल्पना येते ती यामुळेच.

तारे दिशाही दाखवतात. डिसेंबरात संध्याकाळनंतर मृग नक्षत्र पूर्वेस वर चढते. त्याच्या मधोमध एका ओळीत असलेले तीन तारे जवळजवळ नेमके पूर्वेस उगवतात व पश्चिमेस मावळतात. रत्नागिरीहून पाहिले, तर उत्तरेस ध्रुव क्षितिजापासून सुमारे १७ अंशांवर दिसतो आणि दक्षिणेस अगस्त्य फार तर २० अंशांपर्यंत चढतो. समुद्रावर एखादे यंत्र बंद पडले, तरी हे तारे बंद पडत नाहीत.

परंतु नुसते पाहणे पुरेसे नाही. पाहिलेले लिहून ठेवले पाहिजे. रोज रात्री आठ वाजता, एकाच अंगणातून, वाऱ्याची दिशा, ढग, गारवा आणि ताऱ्यांची जागा वहीत टिपावी. आज माडाच्या शेंड्याशी दिसणारे तीन तारे पंधरा दिवसांनी त्याच वेळी बरेच वर आलेले आढळतील. कारण तारे दररोज सुमारे ४ मिनिटे लवकर उगवतात. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट वहीत सापडली, म्हणजे ती आपली होते. चंद्राला खळे पडले की पाऊस येतो, असे वडीलधारी माणसे सांगतात. या समजुतीला हसू नये आणि तिच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नये. खळे उंच ढगांतील बर्फाच्या कणांमुळे पडते. ते दिसले तो दिवस टिपावा आणि पुढील दोन दिवसांत काय झाले, तेही लिहावे. चार-पाच वर्षांच्या नोंदी खरे-खोटे सांगू लागतील.

अंगणातल्या वहीने सरकारी इशाऱ्याची जागा मात्र घेऊ नये. वादळ दूर समुद्रात जन्मते. त्या वेळी गावावरचे आकाश निळे असू शकते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाने कोकणातील अनेक मच्छीमारांचे बळी घेतले. इशारा आला की होडी किनाऱ्यावरच ठेवावी, यात शंका नाही.

पण असे इशारे तरी कशाच्या आधारावर दिले जातात? आज उपग्रह मदतीला आहेत. तथापि हवेच्या शास्त्राचा पाया रोजच्या नोंदींनीच घातला. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. तेथे पिढ्यानपिढ्या माणसांनी ठरलेल्या वेळी ऊन, वारा आणि पाऊस मोजून लिहून ठेवला. त्यांतील एकेक नोंद पाहिली तर साधीच. सातत्यामुळे तिला मोल आले. किनाऱ्यावरील वृद्ध कोळ्यांपाशीही अनुभवाचे मोठे धन आहे. परंतु ते कोठे लिहिलेले नाही, म्हणून ते त्यांच्याबरोबरच नाहीसे होते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेत आकाशाची एक वही असावी आणि एका वर्गाने ती पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. असे झाले, तर हे धन गावात टिकेल आणि वाढेलही.